आधी न्हाणीघर, मग चहा

दीपमाला माझ्याकडे आली की चपला काढते आणि सरळ न्हाणीघरात जाते. परदेशाहून आल्यावर पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं, उन्हातून आली आहे, तोंड धुवायचं असेल. पण तिने दारही लावलं नाही. नळ सोडल्याचा आवाज आला, मग फरशीवर तांब्याभर पाणी ओतल्याचा. बाहेर येऊन ओढणीला हात पुसत ती म्हणाली, "बाई, तुमच्या जाळीत केस अडकलेत. पाणी उतरायला वेळ लागतोय. आणि झरोक्याची काच एवढी घट्ट का लावलीय?"

"थंडी येते म्हणून. बस, चहा टाकते."

"आता टाका," ती म्हणाली.

या 'आता'चा अर्थ मला नंतर कळला.

दीपमाला माझी विद्यार्थिनी. धायरी तेव्हा गाव होतं, शाळेच्या मागे वांग्यांचे मळे होते. ती चौथीत माझ्या वर्गात होती. अक्षर बरं, गणित उत्तम, आणि बसल्या जागी पाय हलवायची सवय. बाकावरची शेजारीण रोज तक्रार करायची, "बाई, हिच्यामुळे माझी रेघ वाकडी येते." ती सवय अजून गेलेली नाही. लग्न केलं नाही. त्याबद्दल धायरीने विचारायचं तेवढं विचारून झालं आहे. परीक्षा देऊन ती केंद्र सरकारच्या कामगार खात्यात निरीक्षक झाली आणि काही वर्षांनी आखातातल्या आपल्या एका दूतावासात तिची नेमणूक झाली. तिथल्या कंपनीला भारतातून कामगार न्यायचे असले की दूतावास आधी त्यांची राहण्याची जागा पाहून येतो. ते पाहायला जाणारी माणसं थोडी होती आणि त्यांत बाई एकटी ही.

"तिथे अधिकार किती असतो?" मी विचारलं होतं.

"अधिकार?" ती हसली. "देश त्यांचा, जागा त्यांची. मालकाने 'या' म्हटलं तरच पाय आत. आपण फक्त बघायचं आणि बघितलं ते लिहायचं. आपली सही नाही झाली तर माणसं मिळत नाहीत, एवढीच काय ती आपली ताकद."

पहिल्या भेटीला मालकाने तिला गार खोलीत बसवलं. चहा, खजूर, मग पुन्हा चहा. गप्पा इतक्या गोड झाल्या की पाहणीला वेळच उरला नाही. एक स्वच्छ खोली दाखवून तिला निरोप दिला. गाडीत बसताना खोल्यांच्या ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका माणसाने तिला नुसते हात जोडले. ते हात तिला रात्रभर दिसत राहिले. तेव्हापासून तिने नियम केला. आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकाची जागा, मग झोपायची खोली, आणि सगळ्यांत शेवटी मालकाचा चहा. "चहा घेतला ना बाई, की जीभ मऊ होते. समोरच्याचा कप हातात धरून त्याला 'तुमचा संडास तुंबलाय' म्हणता येत नाही."

नेमणूक संपवून ती परत आली. पुण्याच्या कार्यालयात रुजू होण्याआधी रजा शिल्लक होती. विश्रांती घ्यायला ती वडिलांच्या घरी राहिली, पण तिला विश्रांती काही जमेना. आनंदीबाई, म्हणजे तिची आई, मला भाजीवाल्यापाशी भेटली की हेच सांगायची. "बाई, पोरगी एका जागी बसंना झालीय. ताटावरनं उठती, गच्चीत जाती. गच्चीत कठड्याशी उभी ऱ्हाती न् मागं खोल्यांकडं बघती. म्हणलं, जाऊन ये की. तर म्हणती, नको."

खोल्या म्हणजे सर्जेरावांच्या खोल्या. सर्जेराव तिचे वडील. वांग्यांचा मळा बिल्डरला गेला तेव्हा त्यांनी एक पट्टी राखून ठेवली आणि तिच्यावर खोल्यांची एक लांब ओळ बांधली. टोकाला एक न्हाणीघर, दोन संडास. वाशीम-यवतमाळकडून पुण्यात कामाला आलेली माणसं तिथे राहतात. कुणी फरशी बसवतं, कुणी नऱ्ह्याच्या कारखान्यात जातं. सर्जेराव काही वाईट मालक नव्हेत. टाळेबंदीत त्यांनी कुणाला भाड्याचं विचारलं नाही, उलट ज्वारीची पोती पाठवली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवून दिला. त्याचा त्यांना फार अभिमान. "सांगा बाई, कोण मालक देतो भाडेकरूला गरम पाणी?" हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! फक्त ते स्वतः त्या ओळीत कधी जात नसत. भाडं मोबाइलवर येई, दुरुस्तीला मिस्त्री जाई.

एकदा माझ्याकडे चहा पिताना दीपमालाचे पाय नेहमीपेक्षा जास्त हलत होते. मी कप तिच्या हातातून काढून घेतला.

"काय झालंय ते बोल. माझी खुर्ची मोडेल."

ती म्हणाली, "बाई, परक्या देशात मी परक्या मालकांच्या खोल्या पाहत हिंडले. एकच जागा पाहिली नाही. आणि मी शिकले ती त्याच खोल्यांच्या भाड्यावर."

"मग जा की. चार पावलांवर आहे."

"तिथे गेले आणि मला वाटतंय तेच दिसलं, तर आबांना काय म्हणू? तिथे मी सही नाकारायचे. इथे काय नाकारू? जेवण?"

ती उठून खिडकीशी गेली, परत आली, पर्स उचलली, ठेवली.

त्याच आठवड्यात सर्जेरावांनी सत्कार ठरवला. लेक परदेशातल्या दूतावासातून आली आणि धायरीत नुसती रिक्षाने उतरली, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. दीपमालाने नको म्हणून पाहिलं.

"आबा, कशाला? मी काय लढाई जिंकून आले?"

"तुला न्हाई कळायचं. त्या बेकरीवाल्याच्या पोराला चार टाळ्या मिळवून आल्यावर फ्लेक्स लागला. तू तर सरकारची."

"तो कबड्डीत राज्यात पहिला आला होता."

"मग? तू काय कमी हायस का?"

असे फ्लेक्स आमच्या भागात चौकाचौकांत असतात. वाढदिवस असो, निवड असो की बारसं. पण सर्जेरावांनी केलेला फ्लेक्स नुसता मोठा नव्हता, तो अवाढव्य होता. मधोमध दीपमालाचा हसरा चेहरा, बाजूला विमान, खाली गॉगल लावलेले सर्जेराव आणि शुभेच्छुकांची रांग. वर मोठ्या अक्षरांत 'धायरीची सुकन्या, कामगारांचा आधारवड'. घराच्या भिंतीवर तो मावेना. म्हणून खोल्यांची रस्त्याकडची लांब भिंत निवडली आणि शनिवारी संध्याकाळी माणसांनी शिडी लावून तो तिथे घट्ट बांधला. दोऱ्या बांधायला खिडक्यांचे गज सोयीचे पडले. भाडेकरूंपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मालकाच्या मुलीचा कार्यक्रम. एका दिवसाचा प्रश्न.

रविवारी पाचाला कार्यक्रम होता. डिसेंबरचे दिवस, ऊन लवकर उतरत होतं. रस्त्याकडेला मांडव, खुर्च्या, लहानसं व्यासपीठ, आणि त्याच्यामागे नाही, तर डाव्या हाताला ती भिंत. अध्यक्ष म्हणून मला बसवलं होतं. सूत्रसंचालन तात्यारावांकडे. तात्याराव पोस्टातून निवृत्त झाल्यापासून धायरीतला एकही माइक त्यांच्या हातून सुटलेला नाही.

"मागच्या रांगा भरून घ्या," सर्जेराव कार्यकर्त्यांना सांगत होते. "खोल्यांतली लोकं कुठं राह्यली?"

"येतायत. आंघोळी चालल्यात त्यांच्या."

सर्जेराव माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "म्याच सांगितलं बाई. म्हणलं, सगळ्यांनी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यायचं. कामावरची धूळ घेऊन बसू नका. गरम पाणी हायच की."

दीपमाला माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. आईने जबरदस्तीने नेसवलेली जरीची साडी, केसांत गजरा, आणि साडीखाली हलणारे पाय. चहा आला. माझ्यापुढे कप ठेवला, तिच्यापुढे ठेवला. तात्याराव सांगत होते, "...ज्यांनी सातासमुद्रापार कामगारांच्या डोळ्यांतले अश्रू पुसले..." तिने कपाला हात लावला नाही. ती फ्लेक्सकडे पाहत होती. लाजून पाहतेय असं मला वाटलं. आपलाच एवढा मोठा चेहरा पाहून कोण नाही लाजणार? पण ती चेहऱ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर फ्लेक्सच्या खालच्या कडेवर होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ते पाणी कुठून गळतंय?"

मी चष्मा सारखा केला. फ्लेक्सच्या एका कोपऱ्यातून, त्या छापील विमानाच्या खालून, थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. खालची माती ओली झाली होती. पाऊस नाही, तिथे नळ नाही.

"वाफ आहे ती," ती म्हणाली. "मागे झरोका आहे. न्हाणीघर आहे तिथे."

आणि ती उठली.

सर्जेरावांनी तिचा हात धरला. "कुठं निघालीस? शाल घालायचीय."

"आबा, गिझर गॅसचाच आहे ना?"

"हाय की. मग?"

ती व्यासपीठावरून उतरली नाही, तिने उडी मारली. जरीची साडी एका हातात गोळा करून भिंतीकडे धावली, फ्लेक्सची खालची कड दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वजन टाकून ओढली. दोरी तुटेना. पुन्हा ओढली. मग तो टर्रकन फाटला, तिच्याच गालापासून खाली, आणि भिंतीतून कोंडलेली वाफ बाहेर पडली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "परदेशात राहून डोकं फिरलं वाटतं." तात्यारावांचा माइक चालूच होता, तेवढ्यात त्यांनी "शांतता राखा" म्हणून घेतलं.

ती झरोक्याखाली उभी राहून ओरडत होती. "आत कोण आहे? अरे, आत कोण आहे?"

उत्तर आलं नाही.

मी तिच्यामागून ओळीच्या आतल्या बाजूला गेले, तोवर ती तिथे पोचली होती. न्हाणीघराच्या दारापाशी शंभू उभा होता. फरशी बसवायचं काम करणारा, यवतमाळकडचा. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कंगवा.

"माझी बायको आत हाय मॅडम, श्रद्धा," तो म्हणाला. "आवाज देऊन राहिलो मी, ओ देत नाही. केस धुऊन राहिली असन."

"दार तोड."

"मॅडम, बाईमाणूस आहे आत..."

"मी पण बाईमाणूसच आहे. तोड!"

त्याने खांदा दिला. कडी निघाली. गरम, ओला, जड असा हवेचा लोट आला. त्याला वास काहीच नव्हता. दीपमालाने श्वास रोखून आत जाऊन सिलिंडरचं बटण बंद केलं आणि श्रद्धाला काखेत हात घालून बाहेर ओढलं. मी माझी शाल तिच्यावर टाकली. ओले केस, मिटलेले डोळे, चेहऱ्यावर आजारी माणसासारखं काही नाही. नुसती झोपलेली वाटत होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बंद जागेत गॅस जळत राहिला की विषारी वायू साठतो आणि माणसाला गुंगी येऊन तो पडतो, हे मीच वर्गात शिकवत असे. एरवी झरोका उघडा असायचा. त्या दिवशी तो कामगारांच्या आधारवडाने बंद केला होता, आणि गिझर एकामागून एक आंघोळींना सारखा जळत होता.

सर्जेराव मागे येऊन उभे होते. त्यांच्या हातात घडी घातलेली शाल तशीच होती. दीपमालाने वर पाहिलं आणि म्हणाली, "आबा, गाडी." ते धावले. त्या वयाच्या, त्या अंगाच्या माणसाला मी पहिल्यांदाच धावताना पाहिलं. दवाखान्यापर्यंत गाडी त्यांनीच चालवली.

श्रद्धा वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, डोकं दुखतंय एवढीच तक्रार. गावात मात्र निराळीच चर्चा. निम्मे म्हणत, पोरीने जीव वाचवला. निम्मे म्हणत, बापाची इज्जत फाडली. फ्लेक्स छापणाऱ्याने तर, मी ऐकलं, "माझा माल असा सहजासहजी फाटत नाही" असं सांगून स्वतःची बाजू मांडली.

बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. आनंदीबाईचा मला फोन आला. "बाई, तुम्ही या. ती वर गच्चीत, हे खाली झोपाळ्यावर. मधी मी जिना चढून-उतरून मेले."

मी गेले. आनंदीबाईने चहा टाकला आणि दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं. दीपमालाने कप ओढला नाही. सर्जेरावांनी तो तिच्याकडे सरकवला.

"घे."

"नंतर."

"माझ्या घरचा चहा बी नको?" त्यांचा आवाज चढला. "म्या काय मुद्दाम केलं व्हय? गरम पाणी दिलं, ही चूक? तुझं कौतुक केलं, ही चूक? सांग की. तू सरकारी माणूस म्हणून बसलीयस का माझी पोरगी म्हणून?"

आनंदीबाई म्हणाली, "अहो, हळू."

दीपमालाचे पाय टेबलाखाली हलत होते. तिने ते एकमेकांवर घट्ट ठेवले.

"आबा, तिकडे मालकाने 'या' म्हटल्याशिवाय मला आत जाता येत नव्हतं. इथे मालक तुम्ही. मी आल्यापासून रोज गच्चीतून तिकडे बघते. तुम्ही म्हणाल, म्हणून वाट बघत होते. मीच विचारायला हवं होतं, मला धीर झाला नाही. ती पोर गेली असती तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही 'चल' म्हणा. दोघं जाऊ."

सर्जेराव बराच वेळ चहाकडे पाहत बसले. त्यावर साय धरली. मग ते उठले, दाराशी गेले, वहाणा पायात सरकवल्या.

"चल," ते म्हणाले. "बाई, तुम्ही बी चला. हिनं काय जास्तीचं लिहिलं तर साक्षीला."

"मी काही लिहिणार नाहीये, आबा."

"मग तर आणखीनच वाईट."

ओळीत माणसं दारादारांत उभी राहिली. दीपमाला सरळ टोकाला गेली. न्हाणीघर इतकं अरुंद की सर्जेरावांना आडवं होऊन आत जावं लागलं. आत गेल्यावर त्यांना वळता येईना. त्यांनी हात वर करून झरोका चाचपला. फ्लेक्सची एक चिंधी अजून गजाला लोंबत होती. तिच्यावर त्यांचाच अर्धा गॉगल होता. ती त्यांनी ओढून काढली.

"एवढाच ठिवला व्हता?" आतून आवाज आला. "मिस्त्रीला म्हणलं व्हतं, मोठा ठीव."

"तुम्ही पाहिला होता?"

चिंधी चुरगळल्याचा आवाज आला. मग, "न्हाई."

पुढे दीपमालाने काही सांगितलं नाही. तिने फक्त क्रम ठेवला. न्हाणीघर, मग चुलीची जागा, मग खोल्या. ती नळ सोडे आणि बाजूला होई; पाणी कसं येतं ते सर्जेराव बघत. ती उशाशी वाकून भिंतीला हात लावी. मग सर्जेरावही लावत आणि ओला हात धोतराला पुसत. एका खोलीत अंथरुणं भिंतीला टेकवून उभी केलेली होती, कारण सगळी एकदम पसरली तर दार उघडत नसे. ते दार त्यांनी स्वतः लावून पाहिलं, उघडून पाहिलं. गिझर आजच काढायचा, झरोका फोडून खिडकी करायची, आणखी एक न्हाणीघर बांधायचं, असं ते मध्येच कुणाला न उद्देशून म्हणाले. "आणि भाडं?" शंभूने विचारलं. सर्जेरावांनी मुलीकडे चोरून पाहिलं आणि म्हणाले, "भाड्याचं कोण बोललंय हितं?"

शेवटी शंभूच्या खोलीत बसलो. श्रद्धा डोक्याला रुमाल बांधून स्टोव्हपाशी होती. मी नको म्हटलं तरी तिने चहा केलाच. पाच कप, त्यांतला एक कान तुटलेला. तो तिने स्वतःसाठी ठेवला. आधी दीपमालाला दिला. तिने कप हातात घेतला आणि खोलवर वास घेतला. पाय स्थिर होते, हे माझ्या लक्षात आलं. परत आल्यापासून पहिल्यांदाच.

तेवढ्यात शंभू घसा खाकरून म्हणाला, "मालक, एक विचारू का? तो फ्लेक्स पडून राहिला न तिकडं. फाटला, पण लय मजबूत हाय. मले द्याल का? वरच्या पत्र्यावर टाकतो म्हनलं."

"काहून रे, पत्र्याला काय झालं?" सर्जेराव नकळत त्याच्याच भाषेत बोलले.

"काही नाही, थोडं गळते. पावसाळ्यात. श्रद्धाच्या बाजूनं."

श्रद्धाने त्याला कोपराने ढोसलं. दीपमालाचा कप ओठांपर्यंत गेला होता, तिथेच थांबला. तिने तो हळूच खाली ठेवला आणि वर पत्र्याकडे पाहिलं.

"कुठे गळतं?" तिने विचारलं.

पण तिच्या आधी सर्जेराव उठले होते. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत.

"शिडी कुठं हाय, शंभू? आण." दाराबाहेर जाताना ते मागे वळून श्रद्धाला म्हणाले, "पोरी, ह्यो चहा झाकून ठीव. आमची ही बया शेवटची जागा बघून झाल्याबिगर प्यायची न्हाई. मला बी प्यू देईल असं दिसत न्हाई."